जे केलेच नाही त्याचा पुरावा : प्राण्यांच्या हेळसांडीचा तपास कसा चालतो

बरगड्या मोजता येतील इतक्या वाळलेल्या, आखूड साखळीला बांधलेल्या कुत्र्याची चित्रफीत हातोहात फिरते. कोणीतरी तक्रार करते, प्राणी-कल्याण अधिकारी त्या पत्त्यावर जाऊन येतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी पाहतात तर कुत्रा तिथेच, त्याच साखळीला. मग संतापाचा रोख मालकावरून अधिकाऱ्याकडे वळतो. एवढे डोळ्यांना दिसत असताना हा माणूस रिकाम्या हाताने परत कसा आला, असे लोक विचारतात.

प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना आपण मनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. या अधिकाऱ्याचे काम म्हणजे क्रूर माणसाला रंगेहाथ पकडणे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग मारहाणीचा नसून हेळसांडीचा असतो. म्हणजे कोणी काही केल्याचा नव्हे, तर जे करायला हवे होते ते न केल्याचा. आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा उभा करणे हे घडलेल्या गोष्टीचा पुरावा उभा करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. या नोकरीतले बहुतेक कोडे तिथेच आहे.

हा अधिकारी नेमका कोण असतो?

याचे एकच एक उत्तर नाही. काही देशांत पोलिसांचेच वेगळे मनुष्यबळ यासाठी असते. नेदरलँड्समध्ये २०११ साली असे प्राणी-पोलीस नेमले गेले आणि अशा तक्रारींसाठी स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. काही ठिकाणी हे काम नगरपालिकेचा किंवा सरकारी पशुवैद्यकीय खात्याचा कर्मचारी करतो, तर काही ठिकाणी एखाद्या धर्मादाय संस्थेचा पगारी निरीक्षक. अंगावरचा गणवेश सारखाच दिसला, तरी त्यामागचे अधिकार सारखे नसतात. इंग्लंडमधल्या आरएसपीसीए या प्रसिद्ध प्राणी-कल्याण संस्थेच्या निरीक्षकाला स्वतःच्या अधिकारात कोणाच्याही घरात शिरता येत नाही, त्यासाठी पोलिसांना सोबत घ्यावे लागते; शेजारच्या स्कॉटलंडमधल्या तशाच संस्थेच्या निरीक्षकांना मात्र कायद्यानेच काही अधिकार दिलेले आहेत. तेव्हा ‘अधिकारी आला होता’ एवढ्या माहितीवरून तो काय करू शकला असता, हे ठरवता येत नाही.

ही नोकरी जन्माला आली तीच मुळी एका अडचणीतून. १८२२ साली ब्रिटिश संसदेत रिचर्ड मार्टिन या खासदाराच्या प्रयत्नाने गुरे, घोडे, मेंढ्या अशा जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. (कुत्र्यांना त्यात जागा नव्हती, ती १८३५ च्या कायद्याने मिळाली.) कायदा झाला खरा, पण तो मोडणाऱ्याला धरणार कोण? लंडनला आजच्या अर्थाने पोलीस दलच नव्हते. ते १८२९ साली उभे राहिले. म्हणून १८२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने स्वतःच पगारी माणसे नेमून जनावरांच्या बाजारात फिरवायला सुरुवात केली. पुढे हीच संस्था आरएसपीसीए झाली. शहरात गणवेशातला पोलीस येण्याआधी जनावरांचा निरीक्षक फिरू लागला होता, ही इतिहासातली मोठी गमतीची बाब आहे.

क्रूरता वेगळी, हेळसांड वेगळी

समजा, कोणी शेजाऱ्याच्या खिडकीची काच दगड मारून फोडली. या घटनेला दिवस आहे, वेळ आहे, दगड आहे, कदाचित पाहणारा साक्षीदारही आहे. आता दुसरे घर पाहा. तिथे छप्पर गळते आहे आणि मालकाने ते वर्षानुवर्षे दुरुस्त केलेले नाही. भिंतींना ओल आली, वासे कुजले, आणि घर राहण्याच्या लायकीचे उरले नाही. नुकसान पहिल्या घरापेक्षा कितीतरी मोठे आहे, पण ते झाले कोणत्या तारखेला? कोणत्या क्षणी मालक चुकला? क्रूरता ही फोडलेल्या काचेसारखी असते आणि हेळसांड ही गळणाऱ्या छपरासारखी.

गुन्ह्यांची मोजदाद करणाऱ्यांनाही हा फरक महत्त्वाचा वाटला आहे. अमेरिकेच्या एफबीआयने २०१६ पासून गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदीत प्राण्यांवरील अत्याचारांसाठी स्वतंत्र जागा केली आणि तिथे चार प्रकार मानले: हेळसांड, जाणूनबुजून केलेला छळ, झुंजींसारखे संघटित प्रकार आणि लैंगिक अत्याचार.

पण ‘जे करायला हवे होते’ ते ठरवायचे कोणी? ब्रिटनमध्ये शेतीसाठी पाळलेल्या पशूंच्या स्थितीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली अगदी साधा मापदंड मांडला होता: प्राण्याला उभे राहता, बसता, वळता, स्वतःचे अंग स्वच्छ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यातूनच १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ ही सूत्रे तयार झाली: तहान-भुकेपासून, गैरसोयीपासून, वेदना-जखम-आजारापासून आणि भीती-तणावापासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक. आज जगभरातले अधिकारी हातात घेऊन फिरतात त्या तपासणी-तक्त्यांमागे बहुधा हीच पाच वाक्ये असतात.

इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. प्राण्याला प्रत्यक्ष यातना झाल्या आहेत हे दाखवणे तोवर आवश्यक होते. नव्या कायद्याने प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या गरजा भागवण्याचे कर्तव्यच घातले. म्हणजे गरजा भागत नाहीत एवढे दाखवता आले, की अधिकाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येते. प्राणी मरणपंथाला लागेपर्यंत वाट पाहण्याची सक्ती संपली. माझ्या मते गेल्या दोनशे वर्षांत या कामात झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

फाटकापाशी

एक भेट जवळून पाहू. तक्रार अंगणात बांधलेल्या कुत्र्याची आहे. अधिकारी बाई फाटकापाशी पोहोचतात आणि घंटी वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटे नुसत्या उभ्या राहतात. साखळीच्या टोकापर्यंत जमीन गोलाकार उघडी पडली आहे, गवताचे पातेही उरलेले नाही. म्हणजे साखळी आज सकाळी बांधलेली नाही. पाण्याचे भांडे आहे, त्यात पाणीही आहे, पण त्याला हिरवी शेवाळ धरली आहे आणि ते वर्तुळाच्या वीतभर बाहेर आहे. झाडाची सावली कुत्र्यावर पडलेली आहे. मात्र सकाळचे नऊ वाजले आहेत, आणि दुपारी हीच सावली भिंतीपलीकडे गेलेली असणार. विष्ठा ताजी आहे, वाळलेली आहे आणि पांढरी पडून भुगा झालेलीही आहे. फोटो काढताना आधी सगळे अंगण, मग कुत्रा आणि भांडे एका चौकटीत, मग फक्त भांडे, असा क्रम ठेवला जातो, कारण नुसत्या भांड्याच्या फोटोवरून ते कुत्र्यापासून किती लांब होते हे कोणालाच सांगता येत नाही.

मग घंटी. मालक बाहेर येतो. त्याच्यावर आरोप करून या कामात काहीही साधत नाही. दार बंद होते आणि माहिती तिथेच थांबते. म्हणून प्रश्न साधे असतात. ‘याचं वय किती? दिवसातून किती वेळा खायला देता? काय देता? डॉक्टरांकडे शेवटचं कधी नेलं होतं?’

‘खातो भरपूर, मॅडम, पण अंगीच लागत नाही त्याच्या.’

हे वाक्य अधिकारी जसेच्या तसे, वेळेसह, लिहून घेतात. जगातल्या कुठल्याही भाषेत हेळसांडीच्या प्रकरणात ऐकू येणारा हा बहुधा सर्वांत सामान्य बचाव असेल. तो खोटा असतोच असे नाही. वय, जंत, दुखरे दात, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, कर्करोग, यांपैकी कशानेही खाणारा प्राणी वाळू शकतो. पण हे वाक्य तपासून पाहता येते, आणि पुढचा सगळा तपास बऱ्याचदा त्याच्याभोवतीच फिरतो.

शरीर हीच नोंदवही

प्राणी साक्ष देऊ शकत नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या शरीरावर नोंदी झालेल्या असतात आणि त्या वाचण्याचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे.

पहिली नोंद म्हणजे शरीरस्थितीचा गुण. कुत्र्या-मांजरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पट्टीवर १ म्हणजे केवळ हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिस्थूल, आणि ४ ते ५ म्हणजे योग्य. घोड्यांसाठी १९८३ पासून अशीच १ ते ९ ची पट्टी वापरात आहे. हा गुण नुसता पाहून देत नाहीत, हात फिरवून देतात. वाचकाला हे घरबसल्या करून पाहता येईल. एका हाताची मूठ घट्ट आवळून दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या टोकदार गाठींवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर प्राणी फार वाळलेला आहे. मूठ उघडून, पंजा पालथा सपाट धरून त्याच गाठी चाचपा. योग्य वजनाच्या प्राण्याच्या बरगड्या साधारण तशा लागतात. दाट केसांच्या प्राण्याला डोळे फसतात, आणि नैसर्गिकरीत्याच सडपातळ जातीचा निरोगी कुत्रा चित्रफितीत उपाशी वाटतो. फिरणाऱ्या व्हिडिओवर अधिकारी विसंबून राहत नाहीत ते यामुळे.

काही नोंदी चक्क कालदर्शिकेसारख्या असतात. घोड्याचे खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते. टोके वर वळून बुटासारखी झालेली खुरे दिसली, की ती कित्येक महिने छाटली गेलेली नाहीत हे मालकाच्या तोंडून वदवून घेण्याची गरज उरत नाही. पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा पिल्लू वाढले तरी तसाच राहिला, तर कातडी आधी सोलवटते, मग चिघळते आणि शेवटी पट्ट्यावरून वाढून त्याला झाकून टाकते. अशा कुत्र्याच्या मानेवरून कोणीही कित्येक आठवडे हात फिरवलेला नाही. जखमेतल्या अळ्याही वेळ सांगतात: माशीच्या अंड्यातून अळी बाहेर यायला उष्ण हवेत दिवसभराहून जास्त वेळ लागत नाही, आणि तिथून पुढे ती ठरावीक टप्प्यांनी वाढते. कीटकतज्ज्ञ अळीचा टप्पा पाहून, जखम निदान किती काळ उघडी आणि दुर्लक्षित होती, ते सांगू शकतो. ‘कालच लागलंय’ असे म्हणणाऱ्या मालकाचे म्हणणे एखादी मोठी अळीच खोडून काढते.

प्राणी मेलेला असेल, तर शवविच्छेदनात हाडांमधला मगज पाहतात. उपासमारीत शरीराचा व्यवहार ओढगस्तीतल्या घरासारखा चालतो: आधी हाताशी असलेले संपते, मग कातडीखालची आणि पोटातली चरबी जाते, स्नायू झिजू लागतात, आणि अगदी शेवटी मगजातल्या चरबीला हात लागतो. तीही संपून मगज पातळ, चिकट झालेला आढळला, तर शिलकीतले काहीच उरले नव्हते असा त्याचा अर्थ होतो.

मारहाणीच्या संशयातही शरीर बोलते. ‘गाडीखाली आला’ हा नेहमीचा खुलासा. पण वाहनाची धडक सहसा एका बाजूने बसते, कातडी खरचटते, कमरेचे हाड मोडते, बरगड्या मोडल्याच तर एका अंगाच्या मोडतात. दोन्ही अंगांच्या बरगड्या मोडलेल्या, दात तुटलेले, आणि क्ष-किरण चित्रात काही मोड ताजे तर काही जुने, भरून आलेले दिसले, तर एकाच गाडीने एकाच दिवशी हे केले असे मानणे कठीण जाते.

‘अंगीच लागत नाही’ या दाव्याचा निकाल मात्र सर्वांत साध्या साधनाने लागतो, आणि ते साधन म्हणजे वजनकाटा. ताब्यात घेतलेल्या प्राण्याच्या रक्त आणि विष्ठेच्या तपासण्या होतात, त्याला नेहमीचेच अन्न मोजून दिले जाते आणि वजन ठरलेल्या वेळी नोंदवले जाते. कोणतेही खास औषध न देता, केवळ रोजच्या अन्नावर काही आठवड्यांत त्याचे अंग भरून आले, तर आजाराची सबब टिकत नाही. इथे अन्न हाच उपचार असतो आणि अन्न हाच पुरावाही.

मध्ये एक सावधगिरीची गोष्ट. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या प्राण्याला दया येऊन एकदम पोटभर खाऊ घालणे धोक्याचे असते. उपासमारीत शरीराने आपले रसायन बदललेले असते. अचानक भरपूर अन्न आले, की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे, अनेक वेळा आणि पशुवैद्यकाच्या नजरेखाली खायला देतात.

मग लगेच उचलून का नेत नाहीत?

इथे वाचकाचा संयम संपतो, आणि ते साहजिक आहे. बहुतेक देशांच्या कायद्यात पाळलेला प्राणी आजही मालमत्ता मानला जातो, आणि मालमत्ता कोणाच्या अंगणातून न विचारता उचलून नेली तर तिला चोरी म्हणतात, मग उचलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. घरात शिरायला मालकाची संमती किंवा न्यायालयाचे वॉरंट लागते. अनेक न्यायव्यवस्थांमध्ये बेकायदा प्रवेश करून मिळवलेला पुरावा बाद ठरू शकतो. तसे झाले तर खटला पडतो आणि प्राणी सन्मानाने त्याच मालकाकडे परत जातो. घाईने वाचवलेला प्राणी कायमचा गमावण्याची ही वाट आहे.

अपवाद आहे तो तातडीच्या धोक्याचा. बंद मोटारीतला कुत्रा हे त्याचे सर्वांना कळणारे उदाहरण. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की बाहेर जेमतेम २२ अंश सेल्सिअस असताना उन्हातल्या बंद मोटारीतले तापमान तासाभरात सरासरी आणखी २२ अंशांनी चढते, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. इथे वॉरंटची वाट पाहणे म्हणजे प्राणी मारणे. अंगणातल्या साखळीचा वाळका कुत्रा मात्र आठवड्यांपासून वाळतो आहे. पुढच्या तासाभरात तो दगावेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असते.

म्हणून अधिकारी सुधारणा-नोटीस देतो. काय बदलायचे, किती दिवसांत, आणि न बदलल्यास काय होईल, हे त्यात नेमके लिहिलेले असते: अमुक तारखेपर्यंत पशुवैद्यकाला दाखवा, साखळी काढा किंवा इतकी लांब करा, ताजे पाणी कायम आवाक्यात ठेवा, निवारा द्या. लोकांना हा कागदी घोडा वाटतो. मला मात्र या नोकरीतले सर्वांत धारदार हत्यार हाच कागद आणि त्यानंतरची दुसरी भेट वाटते. ‘मला कळलंच नाही’ ही सबब पहिल्या दिवशी खरी असू शकते. नोटीस हातात घेऊन सही केल्यानंतर ती कोणालाच देता येत नाही. गळक्या छपराला इथे तारीख मिळते.

शिवाय बऱ्याच घरांत नोटिशीनंतर खरोखरच फरक पडतो. मालक आजारी आहे, नोकरी गेली आहे, घरातल्या ज्या माणसाचा तो कुत्रा होता ते माणूसच राहिलेले नाही, किंवा आपण चुकतो आहोत हे कोणी सांगितलेलेच नाही, अशी घरे अधिकाऱ्याला रोज भेटतात. तिथे खटल्यापेक्षा पशुवैद्यकाचा पत्ता जास्त कामाचा ठरतो.

या पद्धतीची किंमत लपवण्यात अर्थ नाही. दोन भेटींच्या मधल्या काळात काही प्राणी मरतात. या कामात वर्षे काढलेल्यांना झोपू न देणारी गोष्ट मारहाणीची दृश्ये नसून ‘परवा पुन्हा जातो’ असे म्हणून आलेली घरे असतात, हे मला पटण्यासारखे आहे.

श्वास घेणारा मुद्देमाल

चाकू जप्त केला, की तो पिशवीत घालून, सील करून कपाटात ठेवता येतो. तीन वर्षांनी काढला तरी तो तसाच असतो. जप्त केलेला कुत्रा हाही कायद्याच्या भाषेत मुद्देमालच, पण तो खातो, आजारी पडतो, चावतो, आणि गाभण असली तर कुत्री विते. मग पिल्लेही सांभाळणे आले.

या मुद्देमालाचे बळ पहिल्यांदा दाखवले ते बहुधा १८२२ चा कायदा आणणारे खासदार मार्टिन यांनीच. बिल बर्न्स नावाच्या फेरीवाल्यावर गाढवाला मारल्याचा खटला चालू असताना त्यांनी ते गाढवच न्यायालयात आणवले आणि त्याच्या जखमा दाखवल्या, असे सांगतात. त्या प्रसंगाचे चित्रही प्रसिद्ध आहे. आजचा अधिकारी असे करू शकत नाही, आणि केले तरी उपयोग होणार नाही. कारण सुनावणीच्या दिवसापर्यंत गाढव धष्टपुष्ट झालेले असते.

त्यामुळे पहिल्या तासाला फार महत्त्व येते. केसांचा जट झालेला, मळाने माखलेला प्राणी आला, की प्रत्येकाला आधी त्याला आंघोळ घालावीशी वाटते. पण तसे करायचे नसते. आधी वजन, चारी बाजूंनी फोटो, पशुवैद्यकाची तपासणी, मग जट कापायचा, आणि कापलेला जटही वजन करून, नाव-तारीख घालून जपून ठेवायचा. प्राणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची साखळी कागदावर अखंड असावी लागते, नाहीतर ‘हा माझा कुत्राच नव्हे’ असे म्हणायला बचावपक्ष मोकळा होतो.

खटला लांबला, की प्राणी महिनोन् महिने पिंजऱ्यात राहतो. साखळीतून सुटलेला कुत्रा जाळीत अडकतो, आणि काहींचा स्वभाव तिथे बिघडतो. खर्चही रोजचा असतो. म्हणून काही ठिकाणी सांभाळण्याचा खर्च मालकाकडून आगाऊ भरून घेण्याची तरतूद आहे, तर इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यानुसार, मुख्य खटल्याचा निकाल लागण्याआधीच प्राण्याला दुसरे घर देण्याचा आदेश न्यायालय काढू शकते.

प्रेमाने भरलेले, प्राण्यांनी भरलेले घर

सर्वांत अवघड प्रकरणांत क्रूर माणूस नसतोच. एका घरात साठ-सत्तर मांजरे, अमोनियाने डोळ्यांत पाणी येते आहे, आणि दारात उभा असलेला माणूस मनापासून सांगतो आहे, की मी यांना वाचवले. त्याला वास येत नाही, कारण सततच्या वासाला नाक सरावते. त्याला आजारही दिसत नाहीत, आणि हे जास्त गंभीर आहे.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाशी निगडित तज्ज्ञांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा ‘प्राणीसंचया’चा अभ्यास केला. त्यांनी संख्येला निकष मानले नाही. प्राण्यांच्या किमान गरजा भागवता न येणे आणि आपण त्या भागवू शकत नाही हे मान्यच नसणे, ही त्यांनी सांगितलेली खूण आहे. अशा माणसाचे सगळे प्राणी नेले आणि दुसरे काहीच केले नाही, तर काही काळाने घर पुन्हा भरते. म्हणून इथे अधिकाऱ्याला मानसोपचार, आरोग्य आणि समाजकल्याण खात्यांना सोबत घ्यावे लागते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या दारावर अधूनमधून टकटक करावी लागते.

‘माणसांचे प्रश्न आधी सोडवा’

हा आक्षेप जुना आहे आणि त्याला इतिहासानेच एक चमत्कारिक उत्तर दिले आहे. १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या लहान मुलीचा घरात अमानुष छळ चालला होता. एट्टा व्हीलर या समाजसेविकेने बरेच दरवाजे ठोठावले आणि शेवटी ती गेली ती हेन्री बर्ग यांच्याकडे, ज्यांनी १८६६ मध्ये अमेरिकेतली प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन केली होती. त्यांच्या वकिलाच्या मदतीने मुलगी सुटली, आणि १८७५ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. (मेरी एलनला ‘प्राणी’ ठरवून सोडवले, ही रंगवलेली कथा आहे, प्रत्यक्षात मुलीला न्यायालयासमोर हजर करण्याचा आदेश मिळवला गेला होता.)

आजही हा अधिकारी अशा घरात पोहोचतो जिथे दुसरे कोणतेही खाते पोहोचलेले नसते. घरात हिंसा करणारा माणूस पत्नीला आणि मुलांना धाक घालण्यासाठी त्यांच्या लाडक्या प्राण्याला इजा करतो, किंवा तशी धमकी देतो; आपण निघालो तर मागे त्या प्राण्याचे काय होईल या भीतीने अनेक स्त्रिया घर सोडत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून काही ठिकाणी प्राणी-निरीक्षकाने बालसंरक्षण खात्याला आणि त्या खात्याने प्राणी-निरीक्षकाला कळवण्याची पद्धत आहे. मात्र याच धाग्याला फार ताणून ‘आज मांजराला दगड मारणारा मुलगा उद्याचा खुनी’ असे सांगत फिरणे चुकीचे आहे. संबंध आहे तो धोक्याच्या सूचनेचा; भविष्यवाणीचा नव्हे.

‘शिक्षा तर होतच नाही’

अनेक देशांत शिक्षा दीर्घकाळ नाममात्र होत्या, हे खरे. इंग्लंडमध्येही प्राण्याला नाहक यातना दिल्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने कैद एवढीच होती; २९ जून २०२१ पासून ती पाच वर्षे झाली. तरी प्राण्याच्या दृष्टीने पाहिले, तर कैदेपेक्षा दोषी माणसाला पुढे प्राणी पाळण्यास मनाई करणारा आदेश मला अधिक उपयोगाचा वाटतो. अर्थात, तो पाळला जातो आहे की नाही हे पाहायला पुन्हा कोणीतरी फाटकापाशी जावे लागते.

तक्रारदाराने काय करावे

‘फार वाईट अवस्था आहे, लगेच या’ या तक्रारीने अधिकारी येईल, पण त्याच्या हाती काही लागणार नाही. ‘मंगळवारी सकाळी आठला भांडे उलटे होते, संध्याकाळी सहालाही उलटेच, बुधवारी तसेच, गुरुवारी दुपारी दोन ते चार कुत्रा पूर्ण उन्हात’ असे लिहिलेला कागद मात्र थेट फायलीत जातो. आपल्या खिडकीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते तेवढेच लिहावे, दुसऱ्याच्या आवारात शिरू नये, साखळी तोडू नये. फोटो काढला तर मूळ फोटो तसाच ठेवावा, त्यावर अक्षरे आणि संगीत चढवून पुढे पाठवलेली प्रत न्यायालयात कामाची नसते. आणि पुढे साक्ष द्यायला तयार आहोत की नाही, ते अधिकाऱ्याला आधीच खरे सांगावे. पहिल्या भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतचे दिवस त्याच्या फायलीत कोरेच असतात. त्या दिवसांत पाणी कोणी भरले आणि कोणी भरले नाही, हे समोरच्या घरातल्या माणसाशिवाय कोणीच पाहिलेले नसते.